बॅजर्सचा शेवटचा बर्फ

विलो बेंड गावात बॅजर्स हा पोरांचा आइस हॉकीचा संघ एकोणतीस वर्षं खेळला आणि तो मेल्याला आता अडतीस वर्षं झाली. म्हणजे जगला त्यापेक्षा जास्त काळ तो मेलेला आहे. तरी गावात कुणाला विचारा, परवाच माती दिल्यासारखं बोलतात. यंदा बर्फावर खेळायचं जुनं रिंक पाडायचं ठरलं. त्याआधी संघाचा इतिहास छापावा आणि जुलैत जुने खेळाडू गावी जमतील तेव्हा एकेकाच्या हातात एकेक प्रत द्यावी, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. लिहायचं कुणी? अर्लीन ह्रिन्कोनं. ती शाळेची बस चालवते, सकाळी नऊ ते दुपारी तीन मोकळी असते आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकात गावच्या बातम्या लिहिते. एवढी लायकी पुरे होती.

पुस्तकाच्या समितीचा मुख्य लॉर्न ॲटकिन्स. शेवटच्या हंगामातला कप्तान, तेव्हा एकोणीस वर्षांचा, आता सत्तावन्नचा, गुडघे गेलेला. त्यानं तिला फोटोंची खोकी दिली, निकालांच्या याद्या दिल्या आणि शेवटच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य स्वतःच लिहून दिलं. ‘मार्च १९८७ मध्ये बर्फ सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे निर्णायक सातवा सामना घरच्या बर्फावर होऊ शकला नाही, आणि त्यानंतर संघ टिकला नाही.’

बर्फ सांभाळणारा म्हणजे ओरेस्ट ह्रिन्को. अर्लीनचा बाप.

‘‘नाव घातलेलं नाहीये मी,’’ लॉर्न म्हणाला. उपकार केल्यासारखा.

‘‘घातलं असतंस तर बरं झालं असतं. निदान पुसता आलं असतं.’’

लॉर्ननं खांदे उडवले. तिच्या डोळ्यात बघितलं नाही. याच लॉर्ननं दोन हिवाळे ह्रिन्कोंच्या घरी काढले होते. बाहेरगावची पोरं गावातल्या घरांत राहायची, तशी पद्धतच होती. त्याच्यासाठी अर्लीननं आपली खोली सोडली आणि तळघरात झोपली. तिच्या आईनं त्याला बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगी खाऊ घातल्या. बाद फेरीआधी सगळ्या संघानं केस पिवळे करायचे असतात, तर त्याचे केसही आईनंच स्वयंपाकघरातल्या नळाखाली रंगवून दिले. आणि त्याच पोरानं संघाच्या मंडळापुढे उभं राहून सांगितलं होतं, त्या दिवशी ओरेस्टच्या अंगाला दारूचा वास येत होता.

त्या एका वाक्यावर गावानं निकाल लावला. ओरेस्ट आधी प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंच्याऐंशी साली त्यानं सोडली, हेही ठाऊक होतं, पण सोडल्याचं लक्षात कोण ठेवतं? ओरेस्ट प्याला, यंत्रांच्या खोलीत झोपला, बर्फ गोठवणारा कॉम्प्रेसर बंद पडला, बर्फाचं पाणी झालं. गावाची गोष्ट तयार. पुढच्या नाताळात कुणीतरी लाल फीत बांधून एक गजराचं घड्याळ त्यांच्या दारात ठेवलं. ओरेस्टनं फीत सोडली, घड्याळ उशाशी ठेवलं आणि मरेपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षं, त्याच्याच गजरावर उठला. त्याला पुन्हा बर्फावर कुणी पाऊल ठेवू दिलं नाही. तो धान्याच्या कोठारात झाडू मारायचा. अर्लीन तेव्हा सतरा वर्षांची होती. शाळेच्या गॅलरीत पोरं तिला बघून घोरायची.

तेव्हापासून तिचा या गावातल्या एकाही माणसावर विश्वास नाही. बस मात्र ती त्यांच्याच पोरांची चालवते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रिंक पाडणाऱ्या कंत्राटदारानं तिला आत जाऊ दिलं. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, आणि वर छताला अजून लटकलेला संघाच्या चिन्हाचा कापडी बॅजर, अर्धा कबुतरांनी खाल्लेला. फोटो शोधायला म्हणून ती यंत्रांच्या खोलीत शिरली. अमोनिया गळला तर तोंडाला लावायचे मुखवटे टांगलेल्या पत्र्याच्या कपाटात तिला नोंदवह्या सापडल्या. बारा वर्षांच्या बारा.

बर्फ सांभाळणाऱ्यानं दर दोन तासांनी आकडे लिहायचे असतात. जमिनीखालच्या नळ्यांतून जे थंड खारं पाणी फिरतं त्याचं तापमान, कॉम्प्रेसरचा दाब, बर्फाची जाडी. आकडे, फक्त आकडे. बापाचे आकडे तिनं लांबूनही ओळखले असते. त्याचा सात दमून भिंतीला टेकल्यासारखा वाकलेला असायचा. तिनं सत्त्याऐंशीची वही उघडली, मार्च चौदा काढला. शनिवार. सातव्या सामन्याचा दिवस.

पहाटेच्या नोंदी बापाच्या. चार वाजता सतरा, सहा वाजता सतरा, फॅरनहाइटमध्ये, म्हणजे गोठणबिंदूच्या बरंच खाली. मग आठ, दहा आणि बारा. त्याही होत्या. एकही खाडा नाही. पाणी सतरावरच, दाब जागच्या जागी. म्हणजे कॉम्प्रेसर एक क्षणही थांबला नव्हता. अडतीस वर्षं सांगितलेली गोष्ट सपशेल खोटी होती, आणि ती खोटी ठरवायला कुणी साधं एक पान उलटलं नव्हतं.

ती तिथेच खोक्यावर बसली. थंडीनं बोटं वाकत नव्हती. मग तिनं पान उजेडाकडे धरलं आणि तिला ते दिसलं. आठ, दहा, बाराचे आकडे बापाचे नव्हते. त्यांतल्या साताच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली होती. ताठ, स्वच्छ रेघ. बापानं जन्मात सात असा काढला नव्हता.

दुसऱ्या कुणीतरी त्या सकाळी वही लिहिली होती. आणि जो वही लिहितो तो वहीत काय लिहायचं ते ठरवतो. अर्लीननं वही कोटात घातली.

त्यानंतरचे दहा दिवस ती गावभर सात गोळा करत फिरली. मंडळाची जुनी इतिवृत्तं काढली. संघाचा अध्यक्ष क्लॅरन्स विब, शेतीच्या यंत्रांचा विक्रेता, त्याचा सात कोयत्यासारखा. प्रशिक्षकाचा सात म्हणजे वाकडा एक. चिटणीसबाईंचा सात गोल, लडिवाळ, त्यांच्यासारखाच खोटा. पोटात रेघ कुणाच्याच नव्हती. म्हणून काय झालं? लबाड माणूस स्वतःच्या हातानं थोडाच लिहील? क्लॅरन्सच्या दुकानात तेव्हा सहा माणसं कामाला होती. कुणाकडूनही लिहून घेतलं असेल. कारण मे महिन्यात संघ विकला तो क्लॅरन्सनंच, आल्बर्टा प्रांतातल्या एका गावाला, आणि गावानं चकार शब्द काढला नाही. ज्या संघाला स्वतःचा बर्फ राखता येत नाही तो ठेवून करायचं काय, असंच सगळे म्हणाले. बर्फ वितळला नसता तर गावानं क्लॅरन्सला त्याच्याच ट्रॅक्टरला बांधून ओढलं असतं. मग बर्फ वितळण्यात फायदा कुणाचा? अर्लीनला उत्तर स्वच्छ दिसत होतं.

सकाळी दहाला कोऑपच्या, म्हणजे सहकारी संस्थेच्या, दुकानात कॉफीचं टेबल भरतं. तेच सात-आठ म्हातारे, चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवून कॉफी कुणी पाजायची ते ठरवतात. अर्लीन उभ्याउभ्याच त्यांना विचारायची, त्या दिवशी सकाळी रिंकवर कोण कोण होतं. एकानं सांगितलं, तो त्या हिवाळ्यात ॲरिझोनात होता. दुसऱ्यानं सांगितलं, त्याला आठवत नाही, आणि हे इतक्या लवकर सांगितलं की तिनं वहीत त्याचं नाव टिपून ठेवलं. लॉर्न पेला हातात धरून म्हणाला, ‘‘इतिहास लिहितेयस का चौकशी करतेयस?’’

‘‘तुला कशाची भीती वाटतेय?’’

‘‘मला कसली भीती? मला वास आला होता, अर्लीन. मी खोटं नव्हतो बोललो. आला होता.’’

‘‘दारूचाच?’’

‘‘स्पिरिटचा वास होता. कळतो की तो.’’

‘‘एकोणिसाव्या वर्षी तुला सगळ्या बाटल्यांचे वास ठाऊक होते वाटतं.’’

म्हातारे हसले. लॉर्नचे कान लाल झाले. त्यानं फासे टाकले आणि हरला.

क्लॅरन्स विब वृद्धाश्रमात खिडकीशी बसून सूर्यफुलाच्या बिया चावत होता. एक्याण्णव वर्षांचा. टरफलं कॉफीच्या डब्यात थुंकायचा आणि नेमही चुकत नव्हता. तिला बघून त्यानं आधी दाराकडे नजर टाकली, मागून आणखी कुणी येतंय का ते बघायला.

‘‘कुणी पाठवलं तुला?’’

‘‘कुणी नाही. मीच आले.’’

‘‘ह्रिन्को कधी आपणहून येत नाहीत. बस.’’

ती बसली नाही. कोटातून वही काढली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि सगळं एका दमात सांगितलं. यंत्र चालू होतं. आकडे दुसऱ्याच्या हातचे आहेत. संघ विकायला तुम्हाला निमित्त हवं होतं. बर्फ तुम्ही वितळवलात आणि माझ्या बापाच्या गळ्यात बांधलात.

क्लॅरन्सनं चष्मा चढवला, पान बराच वेळ बघितलं, बोटानं साताच्या पोटातली रेघ चाचपली. मग हसला. अशा वेळी हसणाऱ्या माणसाला थोबाडावं असं अर्लीनला वाटलं, पण तो एक्याण्णव वर्षांचा होता.

‘‘पोरी, मला निमित्त कशाला हवं होतं? मी जानेवारीतच सही करून बसलो होतो. सामना जिंकला असता तरी संघ जाणारच होता. मंडळातल्या तिघांना ठाऊक होतं. ते तिघेही आता मातीत आहेत, म्हणून सांगतोय.’’

‘‘जानेवारीत?’’

‘‘जानेवारीत. मी घाबरत होतो ते गावाला कसं सांगायचं या गोष्टीला. आणि मग तुझ्या बापाचा बर्फ वितळला. गावाला शिव्या द्यायला माणूस मिळाला, मी सुटलो. मी त्याला ढकललं नाही. पण तो पडला तेव्हा हातही दिला नाही. एवढं माझ्या नावावर लिही, माझी ना नाही.’’

‘‘मग बर्फ का गेला?’’

त्यानं एक टरफल नेम धरून डब्यात टाकलं. ‘‘तू बर्फ सांभाळणाऱ्याची मुलगी ना गं? विचार कर. यंत्र चालू होतं म्हणतेस. यंत्र चालू म्हणजे थंडी तयार होत होती. थंडी काही हवेत विरघळत नाही. हॉकीच्या बर्फाला नाही मिळाली, तर ती गेली कुठे? ते शोध. नाहीतर सोड.’’

‘‘सोडू का?’’

‘‘मी तुझ्या जागी असतो तर सोडलं असतं,’’ म्हातारा म्हणाला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. या म्हाताऱ्याला काहीतरी ठाऊक होतं, किंवा मांडीवरच्या वहीत बघून नुकतंच कळलं होतं. अर्लीनला त्याचा त्या क्षणी पूर्वीपेक्षाही जास्त संशय आला.

बस चालवताना तिच्या डोक्यात तेच एक. थंडी गेली कुठे? आणि गावाबाहेरच्या वळणावर, मागे पोरं केकाटत असताना, तिला जे आठवलं ते विलो बेंडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक असतं, म्हणूनच त्याचा विचार कुणी करत नाही. त्या पत्र्याखाली बर्फ एकच नव्हता, दोन होते. भिंतीच्या अलीकडे हॉकी, पलीकडे कर्लिंग. एकाच यंत्राची थंडी दोन्हीकडे जायची आणि मध्ये दोन व्हॉल्व्ह होते. हॉकीचा पूर्ण उघडा, कर्लिंगचा जेमतेम. हॉकी हा गावाचा देव. कर्लिंग म्हणजे दगड सरकवत झाडू घासणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि बायकांचा विरंगुळा. मार्चमध्ये बाहेर उबदार वारं सुटलं की कर्लिंगच्या बर्फावर छताचं पाणी ठिबकायचं आणि त्यांनी ते मुकाट्यानं पुसून घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी ती पालिकेच्या कचेरीत साप्ताहिकाच्या जुन्या बांधीव फायली बघायला गेली. तो अंक तिनं शंभर वेळा वाचला होता, पण फक्त हॉकीचं पान. आता पहिल्यांदाच तिनं पान उलटलं. खाली कोपऱ्यात कर्लिंगच्या चार ओळी. शनिवारी बायकांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. बाहेर चिखल असूनही बर्फ जानेवारीसारखा कडक आणि वेगवान होता, खेळाडूंनी इतका सुंदर बर्फ कधी बघितला नव्हता. सोबत फोटो. चौघी बायका, प्रत्येकीच्या हातात बक्षिसाचा विजेवरचा तवा. मधोमध त्यांची कप्तान, हनुवटी वर, ग्रेटा ह्रिन्को.

अर्लीनची आई.

त्या तव्यावर अर्लीनच्या बापानं एकोणीस वर्षं अंडी तळून खाल्ली होती. हे आठवलं आणि तिनं फाईल मिटली.

ग्रेटा आता अठ्ठ्याऐंशीची आहे, एकटी राहते, कुणाचं ऐकत नाही. अर्लीन गेली तेव्हा ती टेबलाशी बसून रक्तदाब मोजत होती. यंत्राचा पट्टा सोडला आणि समोरच्या छोट्या वहीत आकडा लिहिला. एकशे सदतीस. सात काढला आणि त्याच्या पोटातून ताठ, स्वच्छ रेघ मारली. दहा वर्षांची होईपर्यंत ती जर्मनीत शिकली होती, तिथे सात असाच काढतात. अक्षरं इथे येऊन बदलली, आकडे तेच राहिले. आईची अक्षरं अर्लीननं हजार वेळा वाचली होती, डब्यावरच्या चिठ्ठ्यांवर, वाढदिवसाच्या कार्डांवर. आकडे कधी बघितलेच नव्हते. गावभर सगळ्यांचे सात गोळा केले आणि स्वतःच्या आईचा तेवढा राहिला.

तिनं नोंदवही टेबलावर ठेवली. ग्रेटानं ती उघडली नाही. नुसता हात ठेवला.

‘‘मला वाटलं होतं त्यानं जाळली असेल,’’ ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. सरळ, न थांबता, बाजाराची यादी सांगावी तसं. ओरेस्ट तीन रात्री झोपला नव्हता, वारं सुटल्यापासून बर्फ राखत बसला होता. सकाळी सहाला तिनंच त्याला घरी झोपायला पाठवलं. तिची स्पर्धा तिथेच होती, आकडे लिहायला ती दोन तासांनी भिंतीपलीकडे जाऊ शकत होती. आठला गेली. कर्लिंगच्या तिसऱ्या पट्टीवर पाणी साचलं होतं, दगड मध्येच अडकत होते, आणि दुपारी अंतिम सामना. तिनं कर्लिंगचा व्हॉल्व्ह थोडा उघडला. अर्धा फेरा. मग दोन्ही वेळा आकडे लिहिले, आकडे व्यवस्थित होते, तिला वाटलं निभावेल. साडेबाराला ओरेस्ट आला, नळ्यांना हात लावला. कर्लिंगच्या नळीवर बोटभर हिमाचा थर, हॉकीची नळी घामेजलेली. त्यानं तिच्याकडे बघितलं, व्हॉल्व्ह परत फिरवला. उशीर झाला होता. चारला बर्फावर तळं, सहाला पंचानं स्केटचं टोक खुपसून मान हलवली. सामना सोमवारी दुसऱ्यांच्या गावात झाला. पाच विरुद्ध एक गोलांनी हरले.

‘‘आणि तू त्याला अडतीस वर्षं दारुडा म्हणू दिलंस.’’ अर्लीन म्हणाली.

‘‘मी मंडळापुढे जायला निघाले होते. अंगात कोट घातला होता. त्यानं दार धरलं. म्हणाला, या गावात दारुड्याला माफ करतात, सगळ्यांच्या घरात एखादा असतो. पण दगड सरकवायला हॉकीचा बर्फ चोरणाऱ्या बाईला हे जगू देणार नाहीत. आणि पोरीला तर नाहीच.’’

‘‘माझं नाव घेऊ नकोस.’’

‘‘तोच घेत होता. मी नाही.’’

‘‘आणि वास? लॉर्नला आलेला वास?’’

‘‘गुडघ्याला चोळायचं औषध. कापूर आणि स्पिरिट. सकाळी मीच चोळून दिलं होतं.’’ ग्रेटानं वही पुढे सरकवली. ‘‘दोन वर्षं तो थेंबाला शिवला नव्हता गं. त्याच्यापाशी अभिमानानं सांगण्यासारखं तेवढं एकच होतं. तेच त्यानं देऊन टाकलं. मला.’’

अर्लीन उठली. तिला आईला काहीतरी फार वाईट बोलायचं होतं, शब्द तोंडात तयार होते. पोरं घोरायची ते, ते घड्याळ, कोठारातला झाडू. पण समोर अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई दंडाला पट्टा लटकवून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दयेची मागणी अजिबात नव्हती. मागणी असती तर बोलणं सोपं गेलं असतं.

‘‘मी लिहिणार आहे,’’ अर्लीन म्हणाली. ‘‘सगळं. तुझ्या नावासकट. पुस्तक सोमवारी छापायला जातंय.’’

‘‘लिही. पण छापलेलं त्यांना खरं वाटणार नाही. म्हणतील, पोरीनं बापाला धुवून काढलं. हे मलाच सांगायला हवं. उद्या दहाला मला घ्यायला ये.’’

अर्लीनला याचाही संशय आला. रात्रीतून आई विचार बदलेल, आजारी पडेल, काहीतरी करेल. पण सकाळी पावणेदहाला ग्रेटा दारात उभी होती. कोट घालून, ओठांना रंग लावून, चाकांचा वॉकर पुढ्यात.

कोऑपच्या टेबलाशी बायका बसत नाहीत. तसा नियम नाही, नुसत्या बसत नाहीत. ग्रेटानं वॉकर सरळ टेबलाला भिडवला आणि ॲरिझोनावाल्याला म्हणाली, सरक. तो सरकला. क्लॅरन्सलाही कुणीतरी वृद्धाश्रमातून आणून बसवलं होतं. दर शुक्रवारी आणतात. तिला बघून त्यानं बिया चावायचं थांबवलं. अर्लीन भिंतीला टेकून उभी राहिली, हात कोटाच्या खिशात, मुठी वळलेल्या.

ग्रेटानं त्यांना सांगितलं. काल सांगितलं तसंच, त्याच क्रमानं. वही उघडून साताची रेघ दाखवली, आणि पुराव्याला कागदाच्या रुमालावर नवा सात काढून शेजारी ठेवला. औषधाच्या वासाशी आली तेव्हा तिनं पर्समधून ती बाटलीच काढली, बूच उघडलं आणि लॉर्नच्या नाकाशी धरली.

लॉर्ननं वास घेतला. बराच वेळ घेतला. मग त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याचं टक्कल कुणी फारसं बघितलं नव्हतं.

‘‘हाच,’’ तो म्हणाला.

‘‘तुझ्याही खांद्याला चोळलंय मी हे. त्या हिवाळ्यात, दोनदा. तेव्हा तुला वास नाही आला?’’

लॉर्न टेबलाकडे बघत म्हणाला, ‘‘आम्ही जिंकलो असतो, ग्रेटा. त्या बर्फावर, आपल्या गावात, आम्ही जिंकलो असतो.’’

‘‘नसता जिंकलात. तू डावीकडे कायम ढिला पडायचास. दोन वर्षं माझ्या घरी जेवलास, तुझा खेळ मला ठाऊक आहे.’’

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. लॉर्नही हसणार होता, पण ते तोंडातल्या तोंडात मोडलं. त्यानं खिशातून अर्लीनच्या प्रकरणाचं शेवटचं पान काढलं, घडी घातलेलं. पेननं ‘हलगर्जीपणामुळे’वर रेघ मारली. एकदा मारली, मग पुन्हा, कागद फाटेपर्यंत. ‘‘काय लिहायचं ते तू लिही,’’ तो अर्लीनला म्हणाला. ‘‘ओरेस्टचं नाव घाल. आणि तो प्यालेला नव्हता हे घाल. मी सांगितलं होतं हेही घाल. माझं नाव घालून.’’

‘‘घालणारच होते,’’ अर्लीन म्हणाली.

इथे संपायला हवं होतं. संपलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती. पण क्लॅरन्स विबनं आयुष्यभर यंत्रं विकली होती आणि दुरुस्त केली होती. तो मघापासून त्या पानावरचे आकडे बघत होता.

‘‘ग्रेटा,’’ तो म्हणाला, ‘‘ते जुने चार इंची व्हॉल्व्ह होते. मीच बसवून घेतले होते. अर्ध्या फेऱ्यानं नळीवर बोटभर हिम चढत नाही.’’

अर्लीननं भिंतीवरून पाठ काढली. तिनं आईकडे बघितलं, जसं गेले दहा दिवस ती गावातल्या प्रत्येक माणसाकडे बघत होती तसं.

ग्रेटानं बाटलीचं बूच लावलं, घट्ट पिळलं, बाटली पर्समध्ये टाकली.

‘‘बारा हिवाळे तो त्या भिंतीच्या तुमच्या बाजूला झोपला,’’ ती म्हणाली. ‘‘जेवायला तुमच्या बाजूला, नाताळ तुमच्या बाजूला. पोरीला गोवर निघाला तेव्हाही तो तुमच्या बाजूला. आणि आमच्या बाजूला छताचं पाणी. एक दिवस. मला फक्त एक दिवस माझा बर्फ चांगला हवा होता.’’

‘‘किती फिरवलास, आई?’’ अर्लीननं विचारलं.

‘‘जितका फिरत होता तितका.’’